अंगात राहणारं तेल

७ नोव्हेंबर १९८२

सरोजिनीबाईंनी ही वही दिली. गोदामातलीच जुनी, पुढची पानं फाडलेली. म्हणाल्या, "लहू, रोज चार ओळी लिही. अक्षर वाचता यायला लागलं की टाकीचं तापमान लिहायला तुला बसवते. नाहीतर जन्मभर काळजंच चिरत बसशील."

काळजं म्हणजे मुशीची, बाई शार्क म्हणतात त्या माशाची. धक्क्यावरून टोपल्या येतात, आम्ही चिरतो, वाफेवर उकळतो, वर तेल येतं ते काढून घेतो. त्या तेलाच्या पुढे बाटल्या होतात, औषधाच्या. एका मोठ्या मुशीचं काळीज घमेल्यात मावत नाही. पहिल्या दिवशी मी सांगितलं की आमच्या गावात काळीज म्हणजे छातीतलं, ज्याने माया लागते ते. बाई हसल्या, म्हणाल्या, हे पोटातलं, यकृत. त्या गिरगावच्या, शिकलेल्या. काचेच्या नळीत तेल घालून आकडे काढतात.

माझी शाळा पाचवीपर्यंत. चार ओळी झाल्या.

९ नोव्हेंबर

आज आतेचं लिहितो. मी लालबागला तिच्याकडे राहतो. मंजुळा, माझ्या बापाची बहीण. नवरा वारल्यावर तिने खोलीतच खानावळ काढली. बारा जण जेवायचे, सगळे आमच्या गावचे, सगळे गिरणीतले. जानेवारीत संप लागला आणि शिमग्यापर्यंत बाराच्या बारा गावी गेले. जाताना ताटं इथेच ठेवली. प्रत्येकावर नाव कोरलेलं. गावाहून एसटीने तांदूळ पाठवतात, "आमच्या नावाचा शिजव, जागा राखून ठेव."

आते खरंच शिजवते. आमच्यात जित्या माणसाचं ताट पालथं घालत नाहीत. उताणं ठेवलं की रिकामं ठेवत नाहीत. वाढलेलं टाकत नाहीत. म्हणून ती बारा ताटं मांडते, वाढते, आणि एकेकासमोर बसून बारा जणांचं जेवते.

मी एकदा रमाकांतच्या ताटावर बसायला गेलो तर मनगट धरलं. "तू तुझ्या ताटात जेव. ह्यां तेंच्या नावाचा आसा."

एक गोष्ट लिहू का नको. ती ज्याच्या ताटावर बसते त्याच्यासारखी बसते. रमाकांत डावा गुडघा वर घ्यायचा, आते घेते. दौलत भाताला मध्ये खळगा करून त्यात आमटी ओतायचा आणि "बेस" म्हणायचा. आतेही त्याच्याच आवाजात "बेस" म्हणते. मी विचारलं, आते, तू आत्ता काय बोललीस? म्हणाली, "मी खय काय बोललंय?"

२१ नोव्हेंबर

आतेचं अंग फार वाढलंय. संपात सगळ्या चाळीची हाडं वर आली आणि ही दारातून आडवी होऊन येते. लोक बघतात. नळावर बायका गप्प होतात.

आज दुपारी तिची वेणी वर बांधलेली होती तेव्हा मानेवर दिसलं. काळं. मागून गळ्याला धरल्यासारखं, दोन्ही कानांखाली बोटं यावीत तसं. मला वाटलं मळ. तिने काथ्याने घासलं, लिंबू लावलं, सोडा लावला. कातडी लाल झाली, काळं तसंच. हात लावला तर मखमलीसारखं लागतं. मी हात झटकला, तिला ते कळलं.

शेजारची गंगुबाई, साताऱ्याकडची, दारात उभी होती. मला बाजूला घेऊन म्हणाली, "आरं लहू, तुज्या आत्तीच्या मानंवर बारा गडी बसल्यात. त्यांचं खाती ना ती? मग ते धरनारच की."

मी म्हटलं, गंगुबाई, बारा जण जिवंत आहेत.

"तुला काय म्हाईत," ती म्हणाली.

३० नोव्हेंबर

जेवायच्या सुट्टीत बाईंना विचारलं, हे तेल कशाला घेतात लोक?

बाई म्हणाल्या, यात अ आणि ड जीवनसत्त्व असतं. अ डोळ्यांना, कातडीला. ड हाडांना. मग म्हणाल्या, "जीवनसत्त्वांच्या दोन जाती, लहू. एक पाण्यात विरघळणारी. जास्त झाली की लघवीवाटे निघून जातात. दुसरी तेलात विरघळणारी. ती जात नाहीत. अंगात राहतात."

मी विचारलं, राहतात म्हणजे किती दिवस?

"महिनोन्‌महिने."

किती चांगलं! मला हे कुणी आधी सांगितलं नाही. भाजीतली ताकद सकाळी खाल्ली, संध्याकाळी गेली. ही राहते. आतेला थकवा आहे, डोळ्यांना कमी दिसतं म्हणते, आणि कातडीचं तर हे असं. सगळं जुळतंय.

एका तपकिरी बाटलीतले थेंबही टाकीत टाकतात. ते ई जीवनसत्त्व. तेलाला हवा लागून ते खवट होऊ नये म्हणून. "हवेचा मार ते आधी स्वतःवर घेतं," बाई म्हणाल्या. मी विचारलं, माणूस खवट होतो का? त्या म्हणाल्या, "होतो म्हणतात. चरबी फार झाली की हे राखणदार तिच्यातच जाऊन बसतात, जिथे हवेत तिथे पोचत नाहीत."

म्हणजे तिथेही आपापली जागा सोडून गेलेले. हसू आलं, मग नाही आलं.

२ डिसेंबर

बाटलीत भरतात ते तेल खरं नाही. आज नीट बघितलं. टाकीतलं पहिलं तेल दाट, पिवळंजर्द. त्यात शेंगदाण्याचं तेल मिसळून मिसळून पातळ करतात, मग बाटलीत. गिऱ्हाइकांना सगळीकडे फसवतातच. आपल्या माणसाला कशाला ते द्यायचं? मी टाकीतलं पहिलं काढून आणलं, चपटी बाटली भरून.

आतेने नाक धरून दोन चमचे घेतले. "शी! मुशी जिती आसा रे ह्याच्यात."

१९ डिसेंबर

आतेला बरं वाटतंय. संध्याकाळी दिवा लावायच्या आधी सुईत दोरा ओवला. मला म्हणाली, "झिला, तू डॉक्टर व्हतलंस." मी तिला विचारलं, मी बोटीवर गेलो तर चालेल का? एकजण नाव लावून देतो म्हणतोय, कुवेतकडची बोट. या शहरात माझा जीव रमत नाही. गिरण्यांच्या चिमण्या नुसत्या उभ्या आहेत आणि भोंगा अजून वाजतो. कुणी जात नाही तरी वाजतो.

ती म्हणाली, "जा. तुझा ताट मी मांडीन."

मी विषय बदलला.

१५ जानेवारी १९८३

न्हाणीत मुंग्या. आते जाऊन आली की ओळीने येतात, तिच्या पायाच्या ओल्या खुणांवरही चढतात. मी राख टाकली, रॉकेल टाकलं. पुन्हा येतात. रांग दारातून बाहेर जिन्यापर्यंत. कुठून येतात ते शोधायला मी खालपर्यंत गेलो, रांग संपली नाही.

आते कळशीभर पाणी पिते आणि पुन्हा मागते. गंगुबाई म्हणते, "बारा जनांची तहान हाय ती."

मी चमचे तीन केले.

६ फेब्रुवारी

आतेचं डोकं दुखतं. ओठ फुटलेत, कोपऱ्यातून रक्त येतं. तळहाताची साल निघते, उन्हात नागाने कात टाकावी तशी. केस विंचरले की फणीत झुबका. हाडं दुखतात म्हणून रडली, मी तिला रडताना कधी बघितलं नव्हतं.

तरी बाराही ताटं जेवली. उलटी झाली तर पुन्हा बसली, जिथे उठली होती त्याच ताटावर.

मी बाईंना दुसऱ्याच माणसाचं म्हणून विचारलं, एकाची साल निघते, काय कमी असेल? बाई घाईत होत्या. "कोरड्या कातडीला अ कमी असू शकतं," म्हणाल्या. मग कमीच पडतंय. आजपासून सकाळी चार आणि संध्याकाळी दोन.

बोटीवाल्याला सांगितलं, पुढच्या खेपेला येतो.

२७ फेब्रुवारी

आज दुपारचं लिहितो.

मी सुट्टीमुळे घरी होतो. आतेने ताटं मांडली आणि भाताचं पातेलं घेऊन उभी राहिली. वाढेना. नुसती बघत राहिली. मग मला म्हणाली, "लहू, ही चोवीस ताटां कोणी मांडली?"

मी म्हटलं, बाराच आहेत, आते.

"मोज." तिने बोट दाखवून मोजली. प्रत्येक ताटाशेजारी रिकाम्या जमिनीवर बोट ठेवत गेली. "रमाकांत, रमाकांत. दौलत, दौलत." शेवटी माझ्याकडे वळली आणि माझ्या खांद्याच्या बाजूला बघून म्हणाली, "आणि ह्यो तुझ्यावांगडा कोण उभो?"

माझ्याबरोबर कुणी नव्हतं. मी मागे बघितलं नाही.

तिने चोवीस ठिकाणी वाढलं. अर्धा भात जमिनीवर.

५ मार्च

बाईंना कळलं. चपटी बाटली माझ्या खिशातून पडली, फुटली, वासाने त्या धावत आल्या. बोट लावून रंग बघितला आणि तोंडच उतरलं.

"हे टाकीतलं कच्चं आहे. कुणाला देतोस?"

मी सगळं सांगितलं. दोनाचे सहा चमचे, तीन महिने, चोवीस ताटं. मी म्हटलं, बाई, तुम्हीच म्हणालात की अंगात राहतं.

बाई स्टुलावर बसल्या. "अरे, राहतं म्हणूनच मोजून द्यायचं. आपण पातळ करतो ती भेसळ नाही रे. ते माप आहे. तू दिलेल्या एका चमच्यात एका माणसाचा महिन्याभराचा अ असेल. तो कुठे जातच नाही. काळजात साठतो."

मी विचारलं, मुशीच्या?

"तिच्या," बाई म्हणाल्या.

टॅक्सी त्यांनीच केली. आते तीन माणसांनी उचलून खाली आणली. गंगुबाईने तिच्यामागे मीठ-मिरच्या टाकल्या.

८ मार्च

परळचं मोठं हॉस्पिटल. डॉक्टर माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे असतील. मला वाटलं पोलिसात देतील. त्यांनी खुर्ची दिली.

तेल बंद. आता काही काढता येत नाही, हळूहळू उतरेल. डोकं, डोळे, कातडी, महिना-दोन महिन्यांत. डोक्यात दाब वाढला होता म्हणून एकाचे दोन दिसत होते. आणखी थोडं चाललं असतं तर डोळे गेले असते, काळीजही.

मग मी मानेचं विचारलं. ते तेलाच्या आधीचं आहे, म्हटलं. बारा जण...

त्यांनी हसणं आवरलं. "तू गिरणगावातला ना? भोंगा माहीत आहे? आपण जेवलो की रक्तात साखर येते. शरीर भोंगा वाजवतं, इन्सुलिन म्हणतात त्याला. भोंगा वाजला की पेशींनी दार उघडून साखर आत घ्यायची. तुझ्या आतेची चरबी इतकी वाढली, आणि भोंगा इतके महिने इतका वाजला, की पेशी आता ऐकत नाहीत. मग शरीर आणखी जोरात वाजवतं. त्या जोराने मानेची कातडी अशी काळी, जाड होते. आणि साखर बाहेरच हिंडते, लघवीतून जाते. म्हणून तहान, म्हणून मुंग्या."

मी विचारलं, दार पुन्हा उघडेल?

"अंग उतरलं तर बरंच उघडेल. गोळ्या देतो. पण एका माणसाने एका माणसाचं जेवायचं. नाहीतर वर्ष-दोन वर्षांत पाय, डोळे, मूत्रपिंड. कळलं?"

मला कळलं. म्हणजे कुणी धरलेलं नाही. पण कुणी यायचं नसताना वाजत राहणारा भोंगा तिच्या अंगात आहे, हे ऐकून मला हलकं वाटलं नाही.

१४ मार्च

आते घरी आली. गोळ्या घेते. दोन दिसतात पण पुसट, "दुसरो जरा मागे सरलो," म्हणते. मी तिला सांगितलं, डॉक्टर म्हणतात एकच ताट.

"बरां," म्हणाली. आणि बारा मांडली.

मी ओरडलो. पहिल्यांदा. मरशील म्हणालो.

ती शांतपणे म्हणाली, "मी पालथी घालूची नाय. तेंनी स्वतः सांगल्यान तर गोष्ट वेगळी. ज्याचा ताट तेनाच सांगूक होया."

१७ मार्च

ज्याचं ताट त्यानेच सांगायला हवं. ठीक.

आतेला वाचता येत नाही. मी पोस्टकार्डं आणली. गोदामात पिंपावर बसून रमाकांतचं पत्र लिहिलं. "मंजुळाबाईस नमस्कार. मी इथे भावाकडे पोटभर जेवतो. माझं ताट पालथं घालावं, मला राग नाही. तब्येतीस जपावं." हातात चोळून मळवलं, चहाचा डाग पाडला.

संध्याकाळी वाचून दाखवलं. रमाकांतसारखं अडखळत. आते ऐकत होती. मग उठली, रमाकांतचं ताट पुसलं, फळीवर पालथं ठेवलं.

२१ मार्च

मी कामावरून आलो तर आते भिंतीला टेकून बसलेली. चूल थंड. उरलेली ताटं उताणी मांडलेली, एकातही भात नाही. मी विचारलं, काय झालं, कुणी आलं होतं? म्हणाली, "कोण येतला?"

कोपऱ्यात तांदळाची नवी पिशवी होती, एसटीने आलेली असेल. आते एक घास न खाता निजली. गोळ्यांनी भूक मरते असं डॉक्टर म्हणालेच होते. बरंच आहे.

३ एप्रिल

दहा झाली. रोज किंवा एकाआड एक. प्रत्येकाचा आवाज मला येतो आता. कोण "आमी" म्हणायचा, कोण बोलताना खाकरायचा. लिहायला बसलो की तेच सांगतात आणि मी लिहितो, असं वाटतं. आपणच रचतोय हे मला माहीत आहे. तरी आज गोदामात पत्र लिहिताना बाजूला जरा सरकून बसलो, कुणाला तरी जागा करून द्यावी तसा.

आतेच्या ओठांच्या चिरा भरल्या. कपाळावर बारीक केस आलेत. आता एकच माणूस दिसतो. बाई वही बघून म्हणाल्या, अक्षर सुधारलं.

७ एप्रिल

अकरावं झालं. दौलत राहिला. त्याचं कठीण. तो आतेचा लाडका, आणि तिलाही त्याच्याच ताटावर सगळ्यात जास्त वेळ लागतो.

१० एप्रिल

दौलतचं वाचलं. मोठं लिहिलं होतं. "मंजुळाबाय, मी मजेत आसय. हय भात बेस मिळता. माझ्यासाठी तू जेवू नको. ताट पालथा घाल आणि तू तुझा जेव. संप मिटलो की येतंय, मगे उताणा घालू." शेवटचं मी मुद्दाम घातलं, तिला बरं वाटावं म्हणून.

आतेने सगळं ऐकलं. म्हणाली, "परत वाच."

परत वाचलं. तिने ते कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं, डोळ्यांजवळ नेलं. मग ताट घासलं, पदराने पुसलं आणि पालथं घातलं. आणि आपलं एक ताट घेऊन त्यात एका माणसाचा भात वाढून जेवली. संप लागल्यापासून पहिल्यांदा ती तिच्यासारखी बसलेली बघितली.

मी जिंकलो. बोटीवाल्याला निरोप दिला.

१७ एप्रिल

बोटीच्या कागदासाठी भोईवाड्याला गेलो होतो. तिथे कोंडीराम भेटला, दौलतचा भाऊ. डोक्यावर केस नुकते फुटलेले. मी हसून म्हटलं, हे काय टक्कल? आणि दौलतदा काय म्हणतो?

तो म्हणाला, "तुका ठावक नाय? दौलत गेलो. शिमग्याच्या आधी म्हयनोभर. विहिरीवर चक्कर इली आणि पडलो."

मी विचारलं, आतेला माहीत आहे?

"मंजुळाबायक मी स्वतः सांगलंय," तो म्हणाला. "शिमग्याच्या आदल्या आठवड्यात इल्लंय तेव्हा. तेचो शेवटचो तांदूळ घेवन. तिना तुका सांगूक नाय?"

मी नाही म्हटलं. कागद न घेताच निघालो. चालत आलो. पिशवी आली तो दिवस मी वहीत बघितला. एकवीस मार्च. म्हणजे दहा तारखेला मी वाचत होतो तेव्हा तिला माहीत होतं. "मी मजेत आसय" ऐकताना माहीत होतं. "परत वाच" म्हणाली तेव्हाही. आणि दौलतचं पत्र खोटं, म्हणजे बाकीची अकराही मीच लिहिलेली, हेही.

तरी तिने त्याचं ताट पालथं घातलं, आणि बाकीची पुन्हा उताणी केली नाहीत.

१८ एप्रिल

काल मी आलो तेव्हा तिने माझं तोंड बघितलं आणि ओळखलं असणार.

आज तिने दोन ताटं मांडली, तिचं आणि माझं. आपलं मोजून जेवली. हात धुतला, गोळी घेतली. मग फडताळातून एक कोरं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं. माझंच, उरलेलं.

"दौलताक लिही," म्हणाली.

मी म्हटलं, आते...

"लिही रे. पत्र इला तर जबाब धाडूक होयो." ती माझ्याशेजारी येऊन बसली, थोडी सरकून, मध्ये एका माणसाची जागा सोडून. "लिही, मंजुळा बरी आसा. आपलाच जेवता. आणि तेका इचार..."

मी पेन धरून बसलो.

"इचार, थय तुका वाढता कोण?"

मी लिहिलं. आता आते विचारते आहे, पत्ता कुठला घालणार.